रिपीट पल्सवाला एक्स-रे सोर्स करायचाय? आधी उष्णतेचा हिशोब मांडा

सोलापुरातल्या इंजिनिअरिंग आणि फिजिक्सच्या पोरांनो, पल्स एक्स-रेचा प्रोजेक्ट डोक्यात असेल तर हे वाचा. एक पल्स मारणं जमून जातं, खरी कसोटी लागते तीच पल्स सेकंदाला दहा-वीस वेळा मारायची म्हटली की.

म्हणून पहिलं काम कागदावर. समजा २०० किलोव्होल्ट, १ किलोअँपिअर, १०० नॅनोसेकंदाची इलेक्ट्रॉन बीम आहे, म्हणजे एका पल्सला २० ज्यूल. सेकंदाला १० पल्स म्हणजे २०० वॅट आणि १०० पल्स म्हणजे २ किलोवॅट, ही बीम टंगस्टनच्या टार्गेटवर आपटली की यातला जेमतेम एक-दीड टक्का एक्स-रे होतो, बाकी सगळी उष्णता. टंगस्टन ३४२२ अंशापर्यंत वितळत नाही हो, पण त्याच्या मागचं तांबं १०८५ लाच वितळतं, त्यामुळे पाणी फिरवायलाच लागतं. आपल्याकडं मे महिन्यात टाकीतलं पाणीच गरम असतं, तेव्हा चिलर (पाणी गार करणारं मशीन) बजेटमधे धराच, आणि बोअरचं क्षाराचं पाणी अजिबात घालू नका, बारीक नळ्यांत थर बसतो.

व्होल्टेजसाठी मार्क्स जनरेटर घ्या, कपॅसिटर पॅरलल चार्ज होतात आणि सिरीजमधे डिस्चार्ज. चार्जिंगला रेझिस्टरऐवजी इंडक्टर लावा, नाहीतर रेझिस्टरमधेच भरपूर एनर्जी जळते. स्पार्क गॅपमधला, म्हणजे ठिणगी पडून स्विचचं काम करणाऱ्या फटीतला गॅस दोन पल्सच्या मधे थंड व्हायला पाहिजे, नाहीतर पुढची पल्स कमी व्होल्टेजलाच फुटते, म्हणून प्रेशरखाली गॅस वाहता ठेवायचा.

कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, वेल्व्हेट (मखमल) स्वस्त पडतं पण गॅस फार सोडतं, रिपीट पल्सला कार्बन फायबर बरा. कॅथोडवरचा प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला दोनेक सेंटीमीटर पुढं सरकतो, तेवढं धरून कॅथोड आणि टार्गेटमधे गॅप ठेवा. टर्बो पंप (व्हॅक्यूमचा पंप) डायोडच्या, म्हणजे कॅथोड-टार्गेटच्या जोडीच्या जवळ बसवा, व्हॅक्यूम दोन पल्सच्या मधे सावरला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी आणि शिल्डिंगचा मंजूर लेआउट हातात असल्याशिवाय एकही पल्स मारायची नाही, घरी किंवा भाड्याच्या गाळ्यात तर नाहीच नाही. दाराला इंटरलॉक (दार उघडलं की सप्लाय बंद), प्रत्येकाला टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा). सप्लाय बंद केला तरी कपॅसिटरमधे चार्ज राहतो, ग्राउंड रॉड लावल्याशिवाय हात घालू नका, जीव जातो.

सुरुवात १ हर्ट्झनं करा. रोगोव्स्की कॉइलवर करंट, डिव्हायडरवर व्होल्टेज, पिन डायोडवर (हा एक्स-रे टिपणारा छोटा सेन्सर) एक्स-रे, तिन्ही सोबत रेकॉर्ड करा आणि टार्गेटचं तापमान एका जागी स्थिर झालं की मगच रेट वाढवा.