पीएलसी शिकायला सॉफ्टवेअर कसं निवडावं?

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक, शिकायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या कंपनीचं शिकू?" तो थोडा मागे ठेवा. आधी हे बघा, की मी लिहिलेलं लॅडर (पीएलसीचा शिडीसारख्या आकृतीत मांडलेला प्रोग्रॅम) आज संध्याकाळी माझ्याच लॅपटॉपवर, एकही वायर न जोडता चालवून बघता येईल का? शिकणाऱ्यासाठी सॉफ्टवेअरची खरी परीक्षा हीच. लॅडर लिहायला दोन दिवसांत जमतं. ते का चालत नाही हे शोधायला शिकण्यात महिने जातात, आणि त्यासाठी प्रोग्रॅम शेकडो वेळा चालवावा आणि बिघडवावा लागतो.

१. लॅपटॉप बघून घ्या

या क्षेत्रातली जवळपास सगळी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. सीमेन्सचं टीआयए पोर्टल चांगलंच जड आहे. 16 जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर ते उघडेपर्यंत उत्साह मावळतो. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट मात्र जुन्या मशीनवरही सहज चालतं.

२. फुकट आणि सिम्युलेटरसह (खऱ्या पीएलसीची नक्कल करणारी सोय) मिळणारं एक घ्या, एकच

माझं मत विचाराल तर सुरुवात कोडेसिसने करा. ते फुकट डाउनलोड होतं आणि सिम्युलेशन त्यातच आहे. स्क्रीनवर बटणं, दिवे मांडून छोटं एचएमआयसुद्धा (यंत्र हाताळायचा स्क्रीन) बनवता येतं. शिवाय ते पीएलसीच्या भाषा ठरवणाऱ्या आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. हे मानक 1993 मध्ये आलं. लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, एसएफसी (सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट) या भाषा त्यातल्याच. पाचवी इन्स्ट्रक्शन लिस्ट, पण 2013 च्या आवृत्तीत तिला निवृत्तीची नोटीस मिळाली. तिच्यामागे वेळ घालवू नका. कोडेसिससोबत येणारा 'कंट्रोल विन' हा सॉफ्ट पीएलसी (लॅपटॉपलाच पीएलसी बनवणारा प्रोग्रॅम) परवान्याशिवाय दोन तासांनी बंद पडतो. तो पुन्हा सुरू करायचा, एवढंच. घाबरून सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करत बसू नका.

पुढे हाताशी डेल्टाचा डीव्हीपी पीएलसी येणार असेल, तर त्यांचं आयएसपीसॉफ्ट घ्या. त्याचा सिम्युलेटर चालायला कॉमजीआर नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. नवशिके हमखास इथेच अडकतात. श्नायडरच्या एम221 या पीएलसीसाठीचं मशीन एक्स्पर्ट बेसिकही फुकट आहे आणि त्यात सिम्युलेटर आहे. रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो घरात पडून असेल तर मुक्त स्रोत असलेलं ओपनपीएलसी बघा.

३. निवडलेल्या सॉफ्टवेअरची स्टार्ट-स्टॉपवर परीक्षा घ्या

लॅडरची एक ओळ (rung) लिहा: स्टार्ट, त्याला समांतर मोटरचाच होल्डिंग कॉन्टॅक्ट (स्टार्ट सोडलं तरी मोटर चालू ठेवणारा), पुढे स्टॉप, शेवटी मोटरची कॉइल, म्हणजे आउटपुटचं चिन्ह. आता स्टॉपसाठी कोणता कॉन्टॅक्ट टाकाल? पॅनलमधलं स्टॉप बटण एनसी (न दाबता जोडलेलं, दाबलं की तुटणारं) असतं, म्हणून बरेच जण लॅडरमध्येही एनसीच टाकतात. मीही टाकला होता. सिम्युलेटरवर सगळं झकास चाललं, कारण तिथे प्रत्येक इनपुट आपसूक शून्य असतो. खऱ्या पॅनलवर मोटर सुरूच होईना. बाहेरचं एनसी बटण न दाबता इनपुटला 24 व्होल्ट देत असतं, म्हणजे त्या इनपुटचा बिट (0 किंवा 1 ही स्थिती) कायम 1. त्यामुळे लॅडरमध्ये एनओ कॉन्टॅक्ट (बिट 1 असताना जोडलेला) हवा. वायर तुटली तरी बिट 0 होतो आणि मोटर थांबते. स्टॉप एनसी ठेवण्यामागचं कारणच ते.

म्हणून सिम्युलेटरमध्ये रन करण्याआधी स्टॉपचा बिट हाताने 1 करायची सवय लावा. कोडेसिसमध्ये व्हॅल्यू तयार करून कंट्रोल आणि एफ7 दाबलं की ती लिहिली जाते. नुसतं एफ7 दाबलं तर ती फोर्स होते, म्हणजे सोडवेपर्यंत अडकून बसते. हा फरक घरी कळलेला बरा.

मग मुद्दाम एक चूक करा. तीच कॉइल खाली दुसऱ्या ओळीत वेगळ्या अटीवर लिहा. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो आणि शेवटी आउटपुट बदलतो. त्यामुळे खालची ओळ जिंकते आणि वरची बरोबर असूनही मोटर लागत नाही. सॉफ्टवेअर अशा वेळी इशारा देतं का? ऑनलाइन असताना कोणता कॉन्टॅक्ट चालू आहे ते रंगाने नीट दिसतं का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर दुसरं सॉफ्टवेअर बघा.

४. ट्रायलचं घड्याळ उगाच सुरू करू नका

टीआयए पोर्टलची ट्रायल 21 दिवसांची असते. टायमर, काउंटर, होल्डिंग आधी फुकटच्या सॉफ्टवेअरवर पक्कं करा आणि सलग वेळ मोकळा असेल तेव्हाच ती सुरू करा. बेकहॉफच्या ट्विनकॅट 3 चे ट्रायल परवाने सात दिवसांचे असतात, पण ते पुन्हापुन्हा वाढवता येतात. फॅक्टरी आयओमध्ये कन्व्हेअर, सॉर्टर अशी थ्रीडी यंत्रं मिळतात. त्याची ट्रायल 30 दिवसांची. सेन्सरसमोरून खोका घरंगळत जाताना बघितला की टायमर का लागतो हे डोक्यात पक्कं बसतं.

५. आता कंपनी निवडा

जिथे काम करायचंय तिथल्या पॅनलमध्ये काय आहे ते बघा. एकदा तर्क पक्का झाला की बाकी फरक बहुतेक नावांचा उरतो. आयईसी टायमरला वेळ थेट पाच सेकंद अशी देतात. मित्सुबिशी एफएक्स किंवा डेल्टा डीव्हीपीत तेच 'टी0 के50' होतं, म्हणजे 100 मिलिसेकंदांचे 50 ठोके. तिथे इनपुट अष्टमान पद्धतीने मोजतात, एक्स7 नंतर थेट एक्स10. एक्स8 शोधत बसू नका.

६. क्रॅक कॉपी टाळा

अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या टूलचा धोका बघा. 2022 मध्ये ड्रॅगोस या सुरक्षा कंपनीने दाखवलं, की पीएलसीचा विसरलेला पासवर्ड काढून देणाऱ्या एका टूलमधून सॅलिटी हा मालवेअर संगणकात शिरत होता. तोच लॅपटॉप तुम्ही उद्या चालू मशीनला जोडणार आहात.

विकत घ्यायची वेळ आली तर आधी व्हर्जन विचारा. टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये अपग्रेड केला की तो जुन्यात उघडत नाही. म्हणून अपग्रेडच्या बटणाला हात लावण्याआधी मूळ प्रोजेक्टची प्रत बाजूला काढून ठेवा.