प्लास्टरच्या गणेशमूर्तीचे घरी विसर्जन कसे करावे

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नदीत विरघळते, हा समज आधी सोडून द्यावा. हे प्लास्टर एक लिटर पाण्यात जेमतेम 2 ग्रॅम विरघळते आणि बाकीचे सारे तळाशी गाळ होऊन बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली होती. शाडूच्या मूर्तीला बादलीभर साधे पाणी पुरते. पण घरात मूर्ती प्लास्टरचीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत वापरावी.

उत्तरपूजेनंतर हार, वस्त्रे व दागिने काढून घ्यावेत. मूर्ती पूर्ण बुडेल अशा प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात मूर्तीच्या वजनाएवढी अमोनियम बायकार्बोनेटची पूड ढवळावी आणि मूर्ती हलकेच सोडावी. घंगाळ वापरू नये, कारण अमोनियाने तांबे-पितळ खराब होते.

खरी अडचण यापुढे येते. ‘दोन दिवस ठेवा, मूर्ती आपोआप विरघळेल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अपुरा आहे. या क्रियेत प्लास्टरचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखी पांढरी पूड तयार होते. तिचाच थर मूर्तीवर साचतो, वरून रंगाचा पापुद्रा असतो, आणि आतल्या प्लास्टरपर्यंत पाणी पोहोचेनासे होते. म्हणून जागे असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी ढवळावे आणि लाकडी काठीने थर खरवडावा. मूर्तीला काठी लावायला अनेकांचे मन धजत नाही व ते मी समजू शकतो. परंतु उत्तरपूजेने देवाला निरोप दिलेला असतो, आणि अर्धवट राहिलेले तुकडे पुढे कचऱ्यात जाणे अधिक क्लेशदायक आहे. खरवडूनही बुडबुडे येत नसतील आणि ढेकळे शिल्लक असतील, तर अमोनियम बायकार्बोनेट संपले असे समजून आणखी घालावे.

काम लवकर व्हावे म्हणून गरम पाणी मुळीच घेऊ नये. उष्णतेने अमोनियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन अमोनिया हवेत उडून जातो. त्याचा वास उग्र असल्याने बादली बंद न्हाणीघरात न ठेवता गच्चीत किंवा अंगणात ठेवावी, हातमोजे घालावेत आणि दम्याच्या रुग्णांना व मुलांना दूर ठेवावे.

शेवटी मूर्तीतला काथ्या व रंगाचे पापुद्रे गाळून सुक्या कचऱ्यात द्यावेत. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत असते. ते किमान वीसपट पाणी मिसळून फुलझाडांना थोडे थोडे घालावे. रंगांचा अंश असल्यामुळे भाजीपाल्याला मात्र घालू नये, आणि नाल्यातही ओतू नये, कारण त्यातले नायट्रोजन नदीतल्या जलपर्णीला पोसते.