पत्रिका उघडण्याआधी फाइलचं शेपूट बघा

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत एक काका घाबरेघुबरे होऊन आले. भाच्याच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली होती: ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.एपीके’. त्यांनी ‘पीडीएफ’पर्यंतच वाचलं आणि दाबलं.

नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे असतं, तेच खरं. पत्रिका फोटो, व्हिडिओ नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल. पत्रिकेला अ‍ॅप कशाला लागतंय? ओळखीचा नंबर आहे म्हणून विसंबू नका, त्याचाच फोन आधी हॅक झालेला असू शकतो. सरळ फोन लावून विचारा.

चुकून दाबलंच, तर अनोळखी अ‍ॅप बसवायला फोन परवानगी मागतो. तिथूनच मागे फिरा, कळकळीने सांगतोय. पुढे ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी चोराच्या हातात. काकांनी दोन्हीकडे ‘हो’ केलं होतं.

अ‍ॅप बसलं असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मग अ‍ॅप काढा. काकांच्या स्क्रीनवर त्याचं चिन्हच नव्हतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीत सापडलं.