नव्या संगणकावर आवाज अडखळत असल्यास
नव्याने जुळवलेल्या संगणकावर आवाज तुटक येऊ लागला की प्रथम स्पीकरवर संशय घेतला जातो. परंतु अनेकदा दोष एखाद्या ड्रायव्हरचा (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचा) असतो, जो प्रोसेसरला इतका वेळ अडकवून ठेवतो की ध्वनीचा बफर (तात्पुरता साठा) वेळेत भरला जात नाही. ४८,००० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने) २५६ नमुन्यांचा बफर जेमतेम ५.३ मिलिसेकंद पुरतो. म्हणून विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा तपासणी प्रोग्राम चालवून विलंब करणारा ड्रायव्हर शोधावा. वाय-फाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर मी सर्वांत आधी तपासतो. त्यानंतर चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपचा) ड्रायव्हर व बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरील प्रोग्राम) अद्ययावत करावेत. एएमडी रायझन प्रोसेसर असल्यास हे मुळीच टाळू नये, कारण एफटीपीएम या अंगभूत सुरक्षा-सुविधेमुळे आवाज अडखळण्याचा दोष २०२२ मधील बायोस सुधारणांत दूर करण्यात आला. यूएसबी उपकरण हबऐवजी थेट मदरबोर्डच्या पोर्टला जोडावे.