बेळगावच्या आसपासची न पाहिलेली ठिकाणं कशी शोधावीत

चोर्ल्यामार्गे गोव्याला निघालेली बेळगावची गाडी कणकुंबीत थांबलीच तर चहाला थांबते. मलप्रभेचा उगम याच गावातला. ही नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते, पट्टदकलच्या देवळांना वळसा घालते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. पट्टदकल बघायला आपण हौसेनं बदामीपर्यंत जातो, उगम मात्र खिडकीतून मागे पडतो.

अशी ठिकाणं शोधायची एक पद्धत आहे. रील बघून मिळत नाहीत ती. रीलवर आलं म्हणजे तिथे आधीच वडापावची गाडी लागली असं समजा.

1. यादी नको, एक धागा धरा

एखादी नदी, एखादं राजघराणं किंवा एखादी रेल्वेलाइन. मलप्रभा धरली तर कणकुंबी, मग खानापूरजवळचं असोग्याचं रामलिंग, असं खाली खाली सरकता येतं. रेल्वे धरली तर बेळगाव-लोंढा मार्गावर देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही स्टेशनं आहेतच. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी उतरून एक दिवस काढता येतो. धागा असला की एका गावातून पुढच्या गावाचं नाव आपोआप निघतं.

2. जुनं गॅझेटिअर उघडा

गॅझेटिअर म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याजिल्ह्याचा माहितीग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड 1884 साली निघाला. इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. सगळा वाचायला बसू नका, कंटाळाल. शेवटी ठिकाणांचं प्रकरण आहे, तेवढं चाळा. गावाचं स्पेलिंग जुन्या धर्तीचं असतं, म्हणून शोधताना दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, तेव्हा तिकडच्या गडांसाठीही हाच खंड कामाला येतो. साहेबाची मतं बाजूला ठेवायची आणि जागा तेवढ्या टिपून घ्यायच्या.

3. नकाशावर खूण करा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. त्यात देवळं, तळी, किल्ले आणि पायवाटासुद्धा दाखवलेल्या असतात. मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून बघा आणि तो भाग ऑफलाइन साठवून ठेवा. कणकुंबी-हेमाडग्याच्या बाजूला रेंजवर विसंबून राहू नये.

4. पहिली खेप हलशीची करा

सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं तर मी हलशीच सांगेन. बेळगावहून खानापूर, तिथून नंदगड आणि पुढे हलशी. नंदगडला उतरलात तर संगोळ्ळी रायण्णांची समाधी बघून घ्या. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शिलेदाराला इंग्रजांनी 1831 साली इथेच फाशी दिलं.

आज हलशी म्हणजे भाताच्या शेतांमधलं साधं गाव आहे. कदंब राजघराण्याच्या काळात ते पलाशिका होतं, त्यांची दुसरी राजधानी. कदंबांचे जुने ताम्रपट इथेच सापडले. भूवराह नरसिंहाच्या देवळात पायताण काढून आत गेलात की मंडपाच्या मधोमध उभे राहा. दोन गाभारे अगदी समोरासमोर आहेत. एकात भूवराह, दुसऱ्यात विष्णू. एकाला हात जोडले की दुसऱ्याकडे पाठ होते, त्यामुळे नवखा माणूस तिथे थोडा गोंधळतोच. घाई करू नका. सुवर्णेश्वर आणि कल्लेश्वर ही देवळंही गावातच आहेत, तिकडे फार कमी लोक वळतात.

इथून कदंबांचा धागा थेट देगावला जातो. कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर कमलनारायणाचं तीन गाभाऱ्यांचं देऊळ आहे. बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त परमाडीची राणी कमलादेवी हिनं ते बांधवलं. हे खानापूर तालुक्यातलं, म्हादईच्या उगमाचं देगाव नव्हे. गाडी ठरवताना तालुका सांगा, नाहीतर भलत्याच जंगलात पोचाल.

5. माणसांना विचारा

खानापूर भागात "मामा, इथं जुनं देऊळ कुठं हाय?" एवढं पुरतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडे "अण्णा, हळे गुडी एल्लिदे?" म्हणून बघा. कन्नड तोडकंमोडकं असलं तरी चालतं, लोक कौतुकानं पार देवळापर्यंत सोडायला येतात. पुजारी आणि शाळेचे मास्तर यांना आधी गाठा. देऊळ बंद असलं तर किल्ली कुणाकडे आहे ते त्यांनाच माहीत असतं.

6. वेळ आणि परवानगी बघा

देवळांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. चिंचलीच्या मायाक्का देवीला माघातल्या जत्रेत गेलात तर गर्दीच बघाल, म्हणून मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून एरवी जा. भर पावसात खानापूरच्या जंगलातले धबधबे खुणावतात, पण भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारल्याशिवाय आत शिरू नका. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी वटवाघळं राहतात. त्या गुहांच्या वाटेला जाऊच नका आणि लोकेशनही टाकू नका.

आणि हलशीला बसनं गेलात तर उतरता उतरताच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.