नाशकात घर घ्यायचंय? आधी अकरा महिने भाड्यानं राहा

खान्देश, मराठवाडा, विदर्भ, कुठूनही नोकरीसाठी नाशकात आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यातच इथं घर घ्यावंसं वाटतं. मी अमळनेरचा. आपल्याकडचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला गंगापूर रोडवरची संध्याकाळची हवा लागली की काय होतं, ते मला ठाऊक आहे. अंबडच्या कंपनीत लागलो तेव्हापासून गावाकडची कितीतरी कुटुंबं इथं स्थिरावताना पाहिली. कुणाच्या खरेदीखताला साक्षीदार म्हणून सही केली, कुणाचे कागद घेऊन वकिलाकडे गेलो. त्यावरून एक गोष्ट कळकळीनं सांगतो: बुकिंगची घाई करू नका. ज्या भागात घर घ्यायचं मनात आहे, त्याच भागात आधी भाड्यानं राहा. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचाच होतो. तो जूनच्या सुरुवातीला केला तर एक अख्खा पावसाळा आणि बराचसा उन्हाळा त्यात बसतो. नाशकातल्या घराची परीक्षा या दोन ऋतूंत होते. हिवाळ्यात इथलं कुठलंही घर छानच वाटतं.

करार नोंदणी करूनच घ्या. तो नोंदवून देण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, त्यामुळे मागायला संकोच नको.

भाग निवडताना नोकरी कुठे आहे ते आधी बघा. सातपूर-अंबडला जायचं असेल तर सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, अशोकनगर. ओझरला एचएएलमध्ये असाल तर आडगाव, पंचवटी, म्हसरूळ. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये असाल तर जेल रोड, उपनगर. ड्युटीच्या वेळेला रोज वाहतूक कोंडीचा द्वारका चौक ओलांडावा लागेल असं घर शक्यतो घेऊ नका. रविवारी सकाळी साइट बघायला गेलं की सगळंच दहा मिनिटांवर वाटतं.

आता पावसाळा. नाशकात गोदावरी एकटी नाही. नासर्डी आहे, वालदेवी आहे, वाघाडी आहे, आणि वस्तीतून वाहणारे नालेही आहेत. सप्टेंबर २००८ च्या पुरानं शहराला हे चांगलंच दाखवलं. निळ्या आणि लाल पूररेषेचा विषय तेव्हापासून इथल्या प्रत्येक बांधकाम परवानगीत येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर गावातली माणसं पूर मोजतात, पण तुमच्या प्लॉटचं काय ते मारुती सांगणार नाही. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पूररेषा, आरक्षण, डीपी रोड (विकास आराखड्यातले रस्ते), सगळं तिथं दिसतं. तपोवनाच्या बाजूला तर हे केल्याशिवाय बयाणा देऊच नका. साधुग्रामसाठीच्या, म्हणजे कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाच्या, जागेचा प्रश्न प्रत्येक सिंहस्थाच्या आधी उभा राहतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा, त्यामुळे 'कुंभमेळ्यात भाव दुप्पट होणार' असं सांगून जमिनी खपवणारेही भेटतील.

रीसेलचा फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्येच बघा. पश्चिमेच्या भिंतीशी जा. त्र्यंबककडून येणारा झोडपा याच भिंतीवर बसतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून आणि कपाटामागून तळहात फिरवा. विकण्याआधी रंग मारलेला असतो, पण ओल असेल तर त्या नव्या रंगाला बारीक फुगे आलेले असतात आणि नखानं खरवडलं की पांढरी भुकटी बोटाला लागते. मग वरच्या मजल्यावरच्यांना भेटून त्यांच्या बाथरूमचं विचारा. सगळ्यात वरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंग बघा, पाणी कुठं साचतं ते बघा.

मखमलाबाद, आडगाव या बाजूला बऱ्याच ठिकाणी द्राक्षबागांच्या जमिनीवर कॉलन्या उभ्या राहिल्या. खोल काळ्या मातीची जमीन असेल तर पाया मुरमापर्यंत, खडकापर्यंत गेला का, हे रो-हाऊस किंवा बंगला घेताना विचारलंच पाहिजे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया वरच्यावर असेल तर दाराच्या, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती दरवर्षी बुजवली तरी दरवर्षी उघडते. शेजारची जुनी घरं बघा, त्यांच्या कंपाउंडच्या भिंती बघा. जमीन कशी आहे ते तिथं कळतं.

उन्हाळ्यात एकच गोष्ट बघायची, पाणी. गंगापूर धरण उशाला आहे म्हणून शहरात सगळीकडे मुबलक पाणी येतं असं नाही. जुन्या वस्तीत नळ नियमित असतो. कडेच्या नव्या कॉलन्यांत एप्रिल-मेमध्ये बोअर आटतो आणि टँकर सुरू होतो. टँकरचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतो, आणि तो बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. भाड्यानं राहिलात तर एप्रिलमध्ये आपोआप कळेल. नाहीतर त्याच इमारतीच्या वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

हे अकरा महिने कागद वाचण्यातही घालवा. माझ्या मते सगळ्यात मोठा कागद म्हणजे पूर्णत्वाचा दाखला, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र. नाशकात याला वेगळा इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी कपाटांचं क्षेत्र खोल्यांत घेतल्यामुळे चटईक्षेत्र (एफएसआय) मंजुरीपेक्षा वाढलं, या कारणावरून शहरातल्या असंख्य इमारतींचे दाखले अडकले. जुन्या नाशिककरांना 'कपाट प्रश्न' म्हटलं की लगेच समजतं. कर्ज काढून, हप्ते भरून माणसं घरात राहायला गेली आणि दाखला मात्र हातात नाही. पुढं मार्ग निघाले, पण तोवर पुनर्विक्री आणि बँकेचं कर्ज दोन्ही अवघड झालं होतं. म्हणून 'सगळे राहायला आलेत, दाखला येईलच' या वाक्यावर पैसे देऊ नका. तयार घराला पूर्णत्वाचा दाखला झालेला असेल तर जीएसटीही लागत नाही. बांधकाम सुरू असताना घेतलं तर साधारण ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का.

बांधकाम सुरू असलेला प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर शोधा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त, तर नोंदणी सक्तीची आहे. मंजूर नकाशा, पूर्ण करण्याची तारीख, जमिनीवरचे दावे तिथं दिसतात. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दर कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रावरच ठरवा. 'सेलेबल' क्षेत्रफळावर बोलणाऱ्याला कार्पेट किती ते लेखी द्यायला लावा. उघडं पार्किंग विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

प्लॉट घेणार असाल तर सातबारा तुम्ही स्वतः ऑनलाइन काढा, दलालानं दिलेली झेरॉक्स चालणार नाही. भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कुळाचं नाव, विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणींचे हक्क, सगळं तिथं असतं. शहराच्या कडेला गुंठ्यानं विकल्या जाणाऱ्या जमिनीत एकाच सातबाऱ्यावर आठ-दहा अनोळखी माणसांची सामाईक नावं चढलेली मी पाहिली आहेत. कुणाचा तुकडा कोणता हे कागदावर कुठेच नाही. स्वस्त मिळतंय म्हणून त्यात पडू नका. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट असेल तोच प्लॉट घ्या. सिडकोचं घर घेत असाल तर मूळ वाटपापासून आजवरची सगळी हस्तांतरं सिडकोच्या दप्तरी नोंदली आहेत का, ते आधी तपासा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींचा तपास, वकिलाकडून घ्या आणि वकील आपला निवडा, बिल्डरच्या ऑफिसात बसणारा नको.

खर्चाचा हिशोब मांडताना मुद्रांक शुल्क धरा, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. कागद तिच्या नावावर असणं मला तरी सवलतीपेक्षा मोलाचं वाटतं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरणं तुमच्याकडे आहे.

खरेदी झाली की महिन्याभरात घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलावर नाव लावून घ्या. इथं सोसायटीपेक्षा 'अपार्टमेंट' जास्त आढळतील, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारती. त्यात घोषणापत्र असतं आणि तुमच्या नावानं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. जमिनीतला तुमचा अविभाज्य हिस्सा त्यात लिहिलेला असतो. ते झालेलं नसेल तर मागं लागून करून घ्या. घोषणापत्रात गच्ची कुणाची लिहिली आहे तेही वाचा. आपल्या बायकांना एप्रिलमध्ये पापड, बिबड्या वाळत घालायला गच्ची लागते, आणि वरच्या फ्लॅटवाल्यानं 'टेरेस राइट्स' विकत घेतलेले असतील तर पहिल्याच उन्हाळ्यात कुलूप दिसतं.

घराचा ताबा मिळाल्यावर पहिल्या पावसात प्रत्येक खोली बघा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं तो कळवल्यापासून तीस दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगून भागत नाही. ओल दिसली की तारखेसह फोटो काढा, ई-मेल करा आणि एक पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पोचपावती फाइलला लावा.