जिल्हा दैनिकाने ऑनलाइन वाचनासाठी वर्गणी कशी सुरू करावी

जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या मराठी दैनिकाला संकेतस्थळावरील बातम्यांसाठी पैसे घ्यायचे असतील, तर दर किती ठेवावा हा प्रश्न नंतर येतो. आपला वाचक नेमका कोण आहे हे आपल्याला माहीत आहे का, हे आधी पाहावे लागते. बहुतेक जिल्हा दैनिकांना ते माहीत नसते. अंक छापखान्यातून एजंटाकडे, एजंटाकडून विक्रेत्याकडे आणि तिथून घरोघरी जातो. महिन्याचे बिल विक्रेता गोळा करतो, कोणत्या घरी कोणता पेपर टाकायचा हे त्याच्या वहीत किंवा डोक्यात असते, आणि दैनिकाच्या वितरण विभागाकडे असतो तो केवळ एजंटनिहाय प्रतींचा आकडा. ऑनलाइन वर्गणीत मात्र प्रत्येक वाचक स्वतंत्रपणे ओळखावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी वाचकांची यादी तयार करावी. ज्या दैनिकांनी हा क्रम उलटा केला, त्यांना पहिल्याच आठवड्यात आपल्याच जुन्या वाचकांचे तक्रारीचे फोन घ्यावे लागतात.

ही यादी विक्रेत्यांशिवाय होत नाही, आणि विक्रेत्यांना ऑनलाइन वर्गणी म्हणजे आपल्या पोटावर पाय वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे घोषणा करण्यापूर्वी तालुकानिहाय एजंट आणि विक्रेत्यांची बैठक घ्यावी आणि दोन गोष्टी लेखी द्याव्यात. पहिली, घरपोच अंक घेणाऱ्याला ऑनलाइन वाचन त्याच पैशांत मिळेल, म्हणजे अंक बंद करण्याचे कारण उरणार नाही. दुसरी, प्रत्येक विक्रेत्याला स्वतःचा सांकेतिक क्रमांक मिळेल आणि त्या क्रमांकावरून नोंदवलेल्या प्रत्येक वर्गणीवर, पुढील नूतनीकरणांसह, त्याला ठरलेले कमिशन मिळत राहील. नूतनीकरणाचे कमिशन टाळण्याचा मोह मालकांना होतो, पण तो आवरावा, कारण वाचकाने अंक बंद केला की चालू ठेवला, हे दर महिन्याला खात्रीने सांगू शकणारा माणूस विक्रेताच असतो. नोंदणीसाठी अंकात क्यूआर कोड छापावा आणि बिलासोबत छोटा फॉर्मही द्यावा. नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि विक्रेत्याचा क्रमांक एवढी माहिती पुरते. जन्मतारीख, व्यवसाय, उत्पन्न वगैरे विचारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार घेतलेल्या माहितीची जबाबदारी आपल्यावर येते, आणि न घेतलेली माहिती सांभाळावी लागत नाही.

छापील वर्गणीदारांना मोफत प्रवेश दिल्यावर ऑनलाइनचा आकडा फार छोटा दिसू शकतो, याची तयारी ठेवावी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील 'न्यूजडे' या स्थानिक दैनिकाने २००९ मध्ये संकेतस्थळासाठी आठवड्याला पाच डॉलर आकारायला सुरुवात केली आणि पहिल्या तीन महिन्यांत अवघे ३५ जण पैसे भरून आले, यावर अमेरिकेत बरीच थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट बाजूला ठेवली होती: छापील अंकाच्या वर्गणीदारांना आणि मालक कंपनीच्या केबल ग्राहकांना प्रवेश मोफतच होता, आणि त्या भागातील बहुतेक घरे या दोहोंपैकी एकात मोडत होती. आपल्याकडेही यश मोजताना नवे ऑनलाइन वर्गणीदार आणि टिकून राहिलेले छापील वाचक हे दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.

आता काय विकायचे ते ठरवावे, आणि इथे घाई करू नये. मागील एका आठवड्याचे सगळे अंक टेबलावर घ्यावेत आणि जी बातमी फक्त आपल्याकडेच होती, तिच्यावर लाल पेन्सिलीने खूण करावी. मंत्रालयातील घडामोडी, क्रिकेट, वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर आणि जशाच्या तशा छापलेल्या प्रसिद्धिपत्रकांना खूण मिळणार नाही. खूण मिळेल ती जिल्हा परिषदेच्या सभेत कोणत्या रस्त्याचे काम कोणाला आणि का मिळाले या वृत्तांताला, नगरपालिकेच्या विकास आराखड्यात कोणत्या गटावर कसले आरक्षण पडले या नकाशासह दिलेल्या बातमीला, प्रभाग रचनेच्या विश्लेषणाला, भूसंपादनाच्या मोबदल्याच्या वादाला, बाजार समितीतील दरांच्या महिनाभराच्या तुलनेला. या बातम्यांवर माणसांचे प्रत्यक्ष पैसे आणि जमिनी अवलंबून असतात, म्हणून त्यांच्यासाठी वर्गणी भरायला माणूस तयार होतो. आठवड्याच्या अंकांत अशा खुणा मोजक्याच निघाल्या, तर माझे स्पष्ट मत असे की वर्गणी पुढे ढकलावी आणि तोच पैसा तालुक्याच्या वार्ताहरांच्या मानधनात घालावा.

काही मजकूर मात्र कायम खुला ठेवावा. निधनवार्ता, जाहीर नोटिसा, धरणातून होणारा विसर्ग, रस्ता बंद, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना यांवर कुलूप लावू नये. जाहीर नोटिशीचे पैसे जाहिरातदाराने भरलेले असतात आणि ती लोकांपर्यंत पोहोचावी हाच तिचा हेतू असतो, तर निधनवार्ता हे परगावी गेलेल्या माणसाला रोज आपल्या संकेतस्थळावर आणणारे सर्वांत मोठे कारण असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला जसा पूर आला, तशा प्रसंगी संपूर्ण संकेतस्थळ खुले करावे. हा निर्णय रात्री दोन वाजताही घेता यावा, म्हणून तो कोणी घ्यायचा आणि सिस्टीममध्ये कोणते बटण दाबायचे, हे लिहून संपादकीय विभागाच्या भिंतीवर लावून ठेवावे.

कुलपाचे प्रकार दोन-तीन आहेत. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख मोफत देऊन पुढे पैसे मागितले आणि वर्षभरात ती मर्यादा १० वर आणली. रोज अनेक बातम्या वाचणारे वाचक ज्यांच्याकडे आहेत, त्यांना ही मोजणी उपयोगी पडते. जिल्हा दैनिकाच्या संकेतस्थळावर बहुतेक माणसे व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावरून येतात, एक बातमी वाचतात आणि निघून जातात. त्यांची दहा बातम्यांची मर्यादा महिनाअखेरपर्यंत संपतच नाही. त्याउलट सगळेच बंद केले तर नवा वाचक येत नाही. म्हणून लाल खुणेच्या बातम्या तेवढ्या वर्गणीदारांसाठी राखाव्यात, बाकीच्या खुल्या ठेवाव्यात आणि कोणती बातमी कोणत्या गटात जाईल हे रोज संध्याकाळच्या बैठकीत संपादकानेच ठरवावे. ते काम संगणक विभागावर सोडू नये.

ई-पेपरचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने काही काळ वृत्तपत्रांचे घरोघरी वितरण थांबवले, तेव्हा पूर्ण अंकाच्या पीडीएफ फाइली व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरू लागल्या, आणि ती सवय लॉकडाऊन संपल्यावरही गेली नाही. 'दैनिक जागरण'च्या प्रकाशकांनी टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि मे २०२० मध्ये न्यायालयाने असे चॅनेल हटवण्याचा व ते चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. छोट्या दैनिकाला दिल्लीपर्यंत जाणे परवडत नाही. त्याने पूर्ण अंकाची पीडीएफ उतरवून घेण्याची सोय बंद करावी, पान स्क्रीनवर दाखवताना त्यावर फिकट अक्षरांत वर्गणीदाराचा क्रमांक उमटेल अशी व्यवस्था करावी आणि एका खात्यावर एका वेळी दोनच उपकरणे चालू द्यावीत. घरातली दोन माणसे वाचतात, त्यांना अडवण्यात शहाणपण नाही. आपल्याच कार्यालयातून पहाटे फाइल बाहेर पाठवणारी मंडळीही असतात, तेही पाहावे.

तांत्रिक बाजूत तीन ठिकाणी ठेच लागते. अनेक छापखान्यांत पाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना आणि शोधयंत्रांना वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, नीट बदलून, जोडाक्षरे तपासूनच संकेतस्थळावर द्यावा, नाहीतर बातमी शोधून सापडणार नाही. दुसरे, पूर्ण बातमी पानात पाठवून तिच्यावर केवळ पडदा टाकणारी प्लगइन (संकेतस्थळाला जोडायची तयार सॉफ्टवेअर) घेऊ नयेत, कारण ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद केले की तो पडदा बहुधा गळून पडतो. वर्गणीदाराची ओळख पटल्यावरच उरलेला मजकूर सर्व्हरवरून यायला हवा. तिसरे, गूगलला पूर्ण मजकूर दाखवून वाचकाला अर्धाच दाखवायचा असेल, तर पानाच्या स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (शोधयंत्रासाठी पानाच्या कोडमध्ये दिलेल्या माहितीत) 'इज ॲक्सेसिबल फॉर फ्री' या खुणेपुढे नकार नोंदवावा. ती खूण नसेल तर हा प्रकार गूगलला फसवणूक वाटू शकतो आणि शोधातील स्थान घसरू शकते.

लॉगिनसाठी पासवर्ड नको, मोबाइलवर येणारा ओटीपी ठेवावा. मात्र ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार एसएमएस पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सर्वांत आधी करावा.

दर ठरवताना छापील अंकाचे महिन्याचे बिल डोळ्यांसमोर ठेवावे. नुसते ऑनलाइन वाचन त्यापेक्षा बरेच स्वस्त असावे, पण नाममात्र नसावे. मासिकापेक्षा वार्षिक वर्गणीवर भर द्यावा, कारण दरमहा पैसे मागितले की वाचकाला सोडून जाण्याची संधीही दरमहा मिळते. आपोआप पैसे कापून घेण्यासाठी २०२० पासून यूपीआय ऑटोपे उपलब्ध आहे. अशा व्यवहारात पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते; त्या सूचनेत आपल्या दैनिकाचे ओळखीचे नाव दिसेल याची खात्री करावी, कारण तिथे अनोळखी कंपनीचे नाव दिसले की वाचक घाबरून परवानगीच रद्द करतो. वर्गणी बंद करण्याचे बटण सहज सापडेल असे ठेवावे. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवण्याचा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरवला आहे. छापील अंकाला जीएसटीतून मिळणारी सूट ऑनलाइन वर्गणीला लागू होते असे गृहीत धरू नये. दर जाहीर करण्याआधी करसल्लागाराशी बोलून घ्यावे.

पहिले पैसे भरणारे वाचक बहुधा जिल्ह्याबाहेरचे असतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मुंबईचे चाकरमानी, पुण्यात नोकरी करणारे मराठवाड्यातले तरुण, आखातात किंवा अमेरिकेत असलेली कुटुंबे यांना छापील अंक मिळतच नाही, आणि गावच्या जमिनीची, देवस्थानाची, ग्रामपंचायतीची बातमी मात्र हवी असते. त्यांच्यासाठी परदेशी कार्ड स्वीकारणारे पेमेंट गेटवे घ्यावे. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, कतार अशा काही देशांतील मोबाइल क्रमांक अनिवासी खात्याला जोडून यूपीआयही वापरता येते, हे वर्गणीच्या पानावर ठळकपणे सांगावे. गणपती आणि शिमग्याच्या आधीचे पंधरा दिवस या वाचकांपर्यंत जाहिरात पोहोचवण्यासाठी चांगले.

जिल्ह्यातल्या वयस्कर वाचकासाठी माणूस लागतो. अमेरिकेतील 'आर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट' या दैनिकाने रविवार सोडून छापील अंक थांबवताना वर्गणीदारांना आयपॅड दिले आणि ते कसे वापरायचे हे शिकवायला कर्मचारी समोर बसवले. आयपॅड आपल्याला परवडणार नाहीत, पण समोर बसणे परवडते. तालुका कार्यालयात आठवड्यातील एक बाजारदिवस ठरवून वाचकाच्या फोनवर खाते उघडून द्यावे आणि त्या भागातील विक्रेत्यालाही तिथे बोलवावे. वर्ष संपत आले की नूतनीकरण न केलेल्यांची यादी काढून प्रत्येकाला त्याच्या तालुक्याच्या वार्ताहरानेच फोन करावा, वर्गणी का थांबवली एवढेच विचारावे आणि उत्तर ज्याचे त्याच्या शब्दांत वहीत लिहून घ्यावे. पुढील वर्षीचे दर आणि लाल खुणेच्या बातम्यांची निवड या वहीवरून करावी.